तुम्हाला काहीच जाणवणार नाही

चला, निघू या. पण आधी एक अट. किल्ल्या इथेच ठेवा, मोबाइल ठेवा, कमरेचा पट्टाही काढा, त्याच्या बकलात लोखंड आहे. लेंगा घातलात तर उत्तमच. आपण जिथे जातोय तिथे माणसाला मज्जाव नाही, लोखंडाला आहे. हेल्मेट, दोर, औषधांची पेटी यातलं काही लागणार नाही. माणसाने नोंदवलेल्या सर्वांत जबर चुंबकीय वादळांपैकी एकात मी तुम्हाला नेणार आहे आणि तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही. नंतर फसवणूक झाली म्हणून भांडू नका, आधीच सांगून ठेवतो.

उघडा डोळे. हे कुलाबा. २ सप्टेंबर १८५९, दिवसाचा पहिला प्रहर उलटून गेलाय, दहा वाजत आलेत.

पहिली गोष्ट कळते ती घामाची. सदरा पाठीला चिकटलाय आणि तो आता दिवसभर सुटणार नाही. उजवीकडून खारा वारा येतो, त्यात ताज्या मासळीचा वास, आणि डावीकडच्या गोदामांतून कापसाच्या गासड्यांचा कुबट, दमट वास. डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण तुम्हाला कोपराने बाजूला सारून पुढे जाते. तिला घाई आहे. पालखीचे भोई एका सुरात हुंकार देत येतात, मागून बैलगाडीवाला ओरडतो, चाक चिखलात रुतलेलं आहे आणि चाबूक बैलापेक्षा हवेलाच जास्त बसतोय. ट्राम शोधू नका. घोड्यांची ट्रामसुद्धा अजून यायची आहे. रस्त्यावर गॅसचे दिवे नाहीत. रात्री जो काही उजेड असतो तो खोबरेलाचा.

आणि हो, गणपतीचे दिवस आहेत. मंडप आणि ढोलपथकं शोधू नका, सार्वजनिक उत्सवाला अजून काही दशकं अवकाश आहे. पण वस्तीतून जाताना एखाद्या दारातून धूप, केवडा आणि हळदीच्या पानावर उकडलेल्या मोदकांची वाफ एकदमच नाकात शिरते. थांबू नका. मोदक परतीच्या वाटेवर.

समुद्राच्या बाजूला ती बैठी इमारत दिसते ना, ती वेधशाळा. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली बांधली, जहाजांना अचूक वेळ मिळावी म्हणून. १८४१ पासून इथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध घेतात. अलिबागजवळच्या नागावचे केरूनाना छत्रे कोवळ्या वयात इथेच नोकरीला लागले आणि वेध घ्यायला शिकले. आज ते इथे भेटणार नाहीत, शिकवण्यात रमलेत. पण त्यांच्यासारखेच पगडी-अंगरख्यातले दोघे आत बसलेत. वाकून आत या.

बाहेरच्या उन्हातून आल्यावर काही दिसतच नाही. जाड भिंती, कोंदट गारवा, तेलाच्या दिव्याचा वास. हळूहळू डोळे सरावतात. खोलीच्या मधोमध एका पेटीत पोलादाची चुंबकी पट्टी टांगली आहे. इतकी अलगद, की जवळून कोणी लोखंड घेऊन गेलं तरी ती मान वळवील. तिला चिकटवलेला इवलासा आरसा आहे आणि दूरवरून एक दुर्बीण त्या आरशात पाहते. पट्टी केसभर हलली की दुर्बिणीत दिसणारी मापपट्टीवरची रेघ चांगली ऐसपैस सरकते. एकाने डोळा लावायचा आणि आकडा म्हणायचा, दुसऱ्याने टाक दौतीत बुडवून वहीत लिहायचा. रात्रंदिवस, पावसापाण्यात, सणावारी. जगात याहून कंटाळवाणी नोकरी असेल असं वाटत नाही, आणि याहून कामाच्याही फार थोड्या असतील.

मागे उभे राहा. बोलू नका.

दुर्बिणीजवळचा माणूस आकडा म्हणतो. लिहिणारा मान वर करतो. पहिला पुन्हा डोळा लावतो, बाहीने भिंग पुसतो, पुन्हा पाहतो. आकडा चुकलेला नाही, पट्टी सरकते आहे. रोज जी दिवसभरात जेमतेम हलते, ती डोळ्यांदेखत चालली आहे. एरवी वेध ठरल्या वेळी घ्यायचा, पण अशी गडबड दिसली की मिनिटांच्या हिशोबाने. आता दर पाच मिनिटांनी आकडा. टाकाची कुरकुर, कोणाचा तरी घसा खाकरण्याचा आवाज, पुन्हा आकडा. अकराच्या पुढे तो कोसळतो. मुंबईत पृथ्वीची जी आडवी चुंबकी ओढ असते ती थोड्याच वेळात सुमारे चार टक्क्यांनी घटली आहे. आजच्या मापात सुमारे १६०० नॅनोटेस्ला. हे एकक अजून जन्मालाच यायचंय, त्यामुळे वहीत फक्त मापपट्टीवरच्या रेघांचे आकडे पडतायत.

आता स्वतःकडे पाहा. छाती धडधडते? डोकं गरगरतं? अंगावर काटा? काहीच नाही. घाम येतोय, तो मघाचाच. दाराबाहेर कावळा ओरडतोय. मघाची कोळीण एव्हाना बाजारात भावावरून हुज्जत घालत असेल. ग्रहाभोवतीचं सगळं चुंबकी कवच थरथरतंय आणि मुंबईच्या लाखो माणसांत हे ठाऊक आहे ते या अंधाऱ्या खोलीतल्या दोघांना. तेही घाबरलेले नाहीत. वहीत लिहून मोकळे झालेत. त्या वहीतलं हे पान नीट वाचून, त्याचा अर्थ लावून जगापुढे मांडायला २००३ साल उजाडावं लागलं. मांडणाऱ्यांत नवी मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना आणि शोभना अलेक्स हे दोघे होते.

झालं काय? कालच, इंग्लंडात रेडहिल इथे, रिचर्ड कॅरिंग्टन नावाचा हौशी खगोलवेत्ता सूर्यावरचे डाग कागदावर उतरवत बसला होता. एका डागांच्या पुंजक्यावर त्याला पांढऱ्याशुभ्र उजेडाचे दोन ठिपके दिसले आणि पाचेक मिनिटांत विझले. त्या वेळी सूर्याने विद्युतभारित वायूचा प्रचंड लोट आपल्या दिशेने फेकला होता. असे लोट इथवर यायला सहसा दोन-चार दिवस घेतात. हा साडेसतरा तासांत पोचला.

तरी तुम्हाला काही जाणवत नाही, कारण या वादळाला लांबी लागते. चुंबकी क्षेत्र बदलतं तेव्हा जमिनीत आणि तारेत विजेला ढकलणारा जोर तयार होतो, पण तो किलोमीटरमागे अगदी थोडका असतो. तुमच्या बोटातल्या अंगठीला तो पुरत नाही. दीडशे किलोमीटरची तार असली आणि तिची दोन्ही टोकं जमिनीत गाडलेली असली, तर मात्र थेंबाथेंबाने साचलेला जोर टोकाशी बसलेल्या माणसाला चांगलाच कळतो. तो माणूस पाहायला चला. दीर्घ श्वास घ्या, मासळीचा वास इथेच सोडायचाय.

बॉस्टन. दिवस तोच, सकाळ तिथली. दगडी रस्त्यावर घोड्यांच्या नालांचा खडखडाट, कोळशाचा धूर, लीद. जिना चढून तारऑफिसात या. इथे नाकाला झोंबतो तो तेजाब. काचेच्या बरण्यांत भरलेला, रांगेने मांडलेला, हीच त्या काळची बॅटरी. टेबलावर पितळी यंत्र, कडकट्ट, कडकट्ट. तारमास्तरांचे डोळे तांबरलेत. रात्रभर आकाश पेटलेलं होतं. हिरवं, लाल, जांभळं. एवढा उजेड होता की लोक मध्यरात्री रस्त्यात उभे राहून वर्तमानपत्र वाचत होते. तिकडे रॉकी पर्वतात सोनं शोधणारे मजूर पहाट झाली समजून उठले आणि त्यांनी न्याहारीला चूल पेटवली.

यंत्राला हात लावू नका. गंमत नाही. याच आठवड्यात, आधीच्या अशाच एका रात्री, वॉशिंग्टनच्या ऑफिसात फ्रेडरिक रॉइस नावाचा तारमास्तर यंत्रावर वाकला आणि त्याचं कपाळ जमिनीच्या तारेला निसटतं लागलं. समोर बसलेल्या म्हाताऱ्याने त्याच्या कपाळातून यंत्राकडे उडालेली ठिणगी पाहिली. माणूस वाचला, पुढे त्याने स्वतःच हे सांगितलं.

आज इथे मात्र जे होतंय ते पाहून तुम्हाला हसू येईल. तारेत वीज कधी इतकी येते की यंत्राचा दांडा चिकटून बसतो, कधी इतकी आटते की हूं का चूं नाही. बॉस्टनवाला वैतागून मेन राज्यातल्या पोर्टलंडवाल्याला कळवतो, की तुझी बॅटरीच काढून टाक बघू. इकडे हाही आपली काढतो. तेजाबाच्या बरण्या गप्प. आणि कडकट्ट सुरू! सूर्याने पाठवलेल्या विजेवर दोघे गप्पा मारतायत, बॅटरी असताना चालत होतं त्यापेक्षा बरं चालतंय. सुमारे दोन तास हा कारभार असा फुकटात चालला. इतिहासात सौरऊर्जेवर चाललेलं हे पहिलं ऑफिस म्हणायला हरकत नाही, मालकाच्या परवानगीशिवाय.

त्या काळी एवढंच बिघडलं. काही तारा खोळंबल्या, कुठे कागद जळला, कोणाला झटका बसला. दुपारच्या जेवणाआधी बहुतेक लोक विसरलेसुद्धा. जगाकडे लांब तारा होत्या त्या तारायंत्राच्या. चूल लाकडावर होती, विहीर रहाटावर, दिवा तेलावर. वादळाला हिसकावून न्यायला कोणाच्या घरात काही नव्हतंच.

आता शाल घ्या, नाही, शालीने भागणार नाही, जाडजूड कोट घ्या. एकशे तीस वर्षं पुढे उडी आहे आणि थंडी शून्याखालची आहे.

मॉन्ट्रियल, १३ मार्च १९८९, पहाटेचे पावणेतीन वाजायला काही मिनिटं. आपण ज्या घरात उतरलोय तिथे सगळे गाढ झोपलेत. कान द्या. फ्रिज हलकेच घुरघुरतोय. भिंतीच्या पायथ्याशी बसवलेला विजेचा हीटर टक-टक करत तापतोय, तापलेल्या धुळीचा किंचित वास येतोय. क्युबेकात घरं गरम होतात ती मुख्यतः विजेवर. वीज स्वस्त आहे, कारण हजारएक किलोमीटर उत्तरेला, जेम्स बेच्या खोऱ्यात, ला ग्रांद नदीवर अजस्र धरणं आहेत. तिथून ७३५ किलोव्होल्टच्या तारा बर्फाळ रानातून शहरापर्यंत येतात. खाली आहे तो कॅनडाचा प्राचीन कातळ. त्यातून वीज सुखाने वाहत नाही. जमिनीत वाट मिळाली नाही की ती वरच्या तारांची वाट धरते. लांब तार, कडक कातळ, उत्तरेचं टोक. वादळाला आमंत्रण देऊन पाट मांडला असता तरी यापेक्षा चांगली सोय झाली नसती.

इथून त्या तारांच्या टोकाशी, ट्रान्सफॉर्मरच्या आवारात चला. बर्फ बुटाखाली करकरतं. वर आकाशात हिरवट पडदे हलतायत. ट्रान्सफॉर्मर एरवीही गुणगुणतो, पण आताचा आवाज ऐका. घोगरा आहे, दाटलेला, दातात उतरणारा. त्याच्या पोटात वीज सेकंदाला ६० वेळा पुढेमागे हेलकावते, ओटीवरच्या झोपाळ्यासारखी. वादळाने काय केलं, तर तो झोपाळा एका बाजूला ओढून धरला. हेलकावा थांबला नाही, पण दर झोक्याला तो एकाच भिंतीवर आदळायला लागला. गाभा चुंबकत्वाने तुडुंब भरतो, जास्तीचं क्षेत्र बाहेर सांडतं, जिथे तापायचं नाही तिथे लोखंड तापतं, आणि तारेतल्या विजेची लय बिघडते.

ही बिघडलेली लय घात करते. व्होल्टेज सांभाळायला जागोजागी मोठी यंत्रं बसवलेली आहेत आणि त्यांच्या राखणीला रिले आहेत. रिलेंना वाटलं यंत्रच बिघडलं. त्यांनी इमानेइतबारे ते बंद केलं. २ वाजून ४४ मिनिटांनी पहिलं गेलं. मिनिटभराच्या आत अशी सात यंत्रं गेली. त्यामागोमाग ला ग्रांदच्या तारा सुटल्या, जवळपास साडेनऊ हजार मेगावॅट एका फटक्यात गायब. उरलेल्या जाळ्याला तो भार पेलणं शक्यच नव्हतं. सुरुवातीपासून शेवटापर्यंत दीड मिनिट. नियंत्रणकक्षातल्या माणसांना घंटा वाजताना ऐकू आल्या, त्यांचा अर्थ लावायला वेळ मिळाला नाही. माझ्या मते या रात्रीची सगळ्यात भयंकर गोष्ट काळोख नाही, हे दीड मिनिट आहे. कोणाची चूक नव्हती, प्रत्येक यंत्राने नेमून दिलेलं काम चोख केलं, आणि साठ लाख लोक अंधारात गेले.

परत त्या घरात चला. फ्रिज गप्प झालाय. हीटरची टकटक थांबली आहे. हाच तो क्षण, आणि घरातलं कोणी कूसही बदललेली नाही. तुम्हालाही काही जाणवलं नाही, बरोबर? अर्ध्या तासाने नाकाचा शेंडा गार पडतो. तासाभराने पोर रडत उठतं, आई अंधारात चाचपडत दुसरी रजई शोधते. गजराचं घड्याळ विजेवरचं, ते वाजतच नाही.

सकाळी शहर म्हणजे नुसता गोंधळ आहे. सिग्नल बंद, चौकात गाड्या एकमेकींच्या नाकाला नाक लावून उभ्या, फ्रेंचमध्ये शिव्या. शिव्या आहेत हे कळायला भाषा यावी लागत नाही. मेट्रो बंद, विमानतळ बंद, शाळांना सुट्टी. मॉन्ट्रियलकर थंडी टाळायला जमिनीखालच्या पादचारी बोगद्यांतून फिरतात. तिथे आता काळंकुट्ट, भिंतीला हात लावत चालणाऱ्यांच्या ओल्या कोटांचा वास, कुठेतरी लायटरची ज्योत. वरच्या इमारतीत लिफ्ट मजल्यांच्या मध्ये अडकली आहे आणि आतून कोणी पत्र्यावर थाप मारतंय. चहा मिळेल का, असं विचारू नका. शेगडीही विजेवरच आहे.

बहुतेक ठिकाणी दिवे यायला नऊ तास लागले. एवढ्यावर सुटले, कारण क्युबेकचं जाळं पडलं तेव्हा त्यातली बहुतेक यंत्रं शाबूत राहिली. त्याच वादळात खाली अमेरिकेत न्यू जर्सीच्या सेलम अणुवीज केंद्रातला ट्रान्सफॉर्मर आतून इतका तापला की त्याची वेटोळी वितळली. शेकडो टन वजनाचा हा ऐवज दुकानात तयार मिळत नाही, मागणी नोंदवून बनवून घ्यावा लागतो आणि त्यात वर्ष सहज जातं. दिवे जाणं हा त्रास आहे. असे ट्रान्सफॉर्मर डझनाने जळणं म्हणजे संकट. क्युबेकवाल्यांनी पुढे रिलेंना जरा सबुरी शिकवली आणि लांब तारांमध्ये असे कपॅसिटर बसवले की हा आगंतुक प्रवाह अडतो. लक्षात घ्या, १९८९चं वादळ जोरदार होतं तरी १८५९च्या मानाने धाकटंच म्हणायचं. ते मोठं वादळ आपल्या आजच्या तारांवर अजून आलेलंच नाही.

परतू या. उतरताना वाटेत अलिबागला थांबू, कारण कुलाब्याची चुंबकी उपकरणं आता तिथे आहेत. मुंबईत विजेची ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा तिच्या प्रवाहाने वेध बिघडतील म्हणून १९०४ साली ती खाडीपलीकडे हलवली. केरूनानांच्याच तालुक्यात, समुद्राच्या वाऱ्यावर. किनाऱ्यावर पर्यटकांचे घोडे धावतात, शहाळी फुटतात, आणि पलीकडच्या आवारात पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद अव्याहत चालू असते. सुट्टीत अलिबागला गेलात आणि त्या फाटकावरून तुमची गाडी पुढे निघून गेली असेल, तर पुढच्या खेपेला मिनिटभर थांबा.

आपण विषुववृत्तापासून फार लांब नाही, म्हणून क्युबेकइतका धोका आपल्याला नाही. पण अजिबात नाही असंही कोणी म्हणू नये. ज्या पट्टीने कुलाब्यात १६०० नॅनोटेस्लाची घट दाखवली ती उत्तर ध्रुवाजवळ टांगलेली नव्हती. आणि आपलं जाळं आता काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच आहे, त्यात ७६५ किलोव्होल्टच्या लांबच लांब तारा आहेत. पाण्याचा पंप, मोबाइलचा टॉवर, हॉस्पिटलातलं यंत्र, बँकेचा सर्व्हर, सगळं त्या तारांच्या टोकाला लटकलेलं आहे.

सूचना मिळेल का? मिळेल, थोडी. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेने, काही यानं पहारा देतात. त्यांत आपलं आदित्य-एल१ही आहे. ते निघालं २ सप्टेंबर २०२३ला, कुलाब्यातल्या त्या सकाळीला बरोबर १६४ वर्षं झाली त्या दिवशी. लोट त्यांच्या अंगावरून गेला की आपल्यापर्यंत यायला एरवी तासाभराचा अवधी असतो. १८५९च्या वेगाने आला तर पाव ताससुद्धा कठीण. तेवढ्यात वीज कंपन्यांना भार कमी करायचा, दुरुस्तीला काढलेल्या तारा परत जोडायच्या आणि नाजूक ट्रान्सफॉर्मरवरचा ताण उतरवायचा असतो. त्यांना काम करू द्या. तुम्हाला तेव्हाही काही जाणवणार नाही, म्हणून तुमच्यासाठी एकच काम: त्या पाव तासात कोणत्याही कारणाने लिफ्टमध्ये शिरू नका. जिन्याने जा.